परवडणाऱ्या घरांसाठी नाशिकमध्ये घरपट्टीवर वेगळा अधिभार लावावा का?

लावावा, पण सरसकट नव्हे, असे माझे मत आहे. नाशिक महानगरपालिका घरपट्टी करयोग्य मूल्यावर, म्हणजे मालमत्तेचे वार्षिक भाडे गृहीत धरून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेवर, आकारते. त्यामुळे सगळ्यांवर सारखाच टक्का चढवला, तर सिडकोतील लहान घराच्या मालकालाही त्याची झळ बसेल. 2018 मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले आणि त्यात मोकळ्या भूखंडांनाही ओढले, तेव्हा शहरात केवढे आंदोलन पेटले होते, हे नाशिककर विसरलेले नाहीत. तरीही विकासाची वाट पाहत वर्षानुवर्षे रिकामे ठेवलेले भूखंड आणि कुलूपबंद सदनिका यांच्यावरच अधिभार ठेवणे मला न्याय्य वाटते. शेतजमीन मात्र त्यातून वगळावी. शिवाय नवा कर राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय लावता येत नाही, आणि गोळा झालेली रक्कम स्वतंत्र खात्यात राहिली नाही, तर ती रस्त्यांच्या डांबरात कधी मुरली हे कळणारही नाही. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत 20 टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आधीच आहे; अधिभाराची चर्चा करण्यापूर्वी त्याची अंमलबजावणी महापालिकेने तपासावी.