चषकाचं नंतर बघ, आधी वारा बघ

अरे, शिडाच्या बोटींच्या शर्यतींची मालिका पहिल्यांदा भरवतोयस ना, मग टी-शर्ट छापायची घाई नको. खडकवासल्यात उन्हाळ्यात सकाळी शिडं लुळी पडतात. शर्यत दुपारी ठेव. सुरुवातीची रेघ वाऱ्याला आडवी. भोंगा 5, 4, 1 मिनिट आधी आणि सुटताना.

बोयाचा, म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा, नांगराचा दोर पाण्याच्या खोलीपेक्षा बराच लांब सोड. मी पहिल्या वर्षी कंजुषी केली. बोया वाहत निघाला नि सगळ्या बोटी इमानदारीत त्याच्या मागे!

बोटी वेगवेगळ्या असतील तर पोर्ट्समथ यार्डस्टिक लाव. त्यात प्रत्येक प्रकारच्या बोटीला तिच्या वेगानुसार एक आकडा असतो, म्हणजे वेगवान आणि संथ बोटींची तुलना बरोबरीने होते: लागलेले सेकंद गुणिले 1000, भागिले त्या बोटीचा आकडा. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2. सगळ्या शर्यतींचे मिळून कमी गुणवाला जिंकतो. प्रत्येकाची एक वाईट शर्यत वगळ, नाहीतर लग्नसराईत कुणी फिरकणार नाही. बचावाची मोटरबोट आली नाही, तर त्या दिवशी नुसता चहा.