नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलात? आधी एवढंच

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. महिनाभर बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे 5 ते 7 अध्याय, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, वाचा, पुष्कळ झालं. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या, गूढ पुस्तकाला इतक्यात हात नको!

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- सोसायटीच्या ग्रुपवर रोज बायबलची वचनं टाकणं. त्यापेक्षा शेजारच्या आजींना सिव्हिलला सोबत करा.
- गणपतीत शेजाऱ्यांशी बोलणंच तोडणं. मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की नाही, हा प्रसादाचा पेच जुनाच आहे. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 8 आणि 10 बघा. मूर्तिपूजेपासून दूर राहा म्हणणारा पौल बाजारातलं मांस मूर्तीला वाहिलेलं आहे का याची चौकशी करत बसू नका, असंही सांगतो. मोदक नको असेल तर हसून नाही म्हणा, दारात प्रवचन नको.

ऐरोलीच्या ऑफिसात रिक्षाचं फुगवलेलं बिल मात्र आजपासून बंद. टॅटू, सिनेमे वगैरे नंतर बघू. रविवारी उपासना संपल्यावर लगेच पळू नका, चहाला थांबा.