४-५ वर्षांच्या मुलांना आवडेल असा मोबाईल गेम कसा डिझाइन करायचा?

तुम्ही लिहिलंय की कोडिंग येतं, पण एवढ्या लहान मुलांना नक्की काय आवडतं ते कळत नाही, आणि लेव्हल किती ठेवू, पॉइंट्स कसे देऊ. मी पुण्यात आठ-नऊ वर्षं लहान मुलांचेच गेम डिझाइन करते, त्यामुळे जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय तेच सांगते. पॉइंट्स आणि लेव्हल तूर्त बाजूला ठेवा.

आमचा एक भाजीवालीचा गेम होता. गिऱ्हाईक येणार, टोमॅटो मागणार, मुलाने टोमॅटो उचलून तागडीत टाकायचे, वेळेत दिले तर स्टार. गाडीशेजारी पाण्याची बादली दाखवली होती, भाजीवर शिंपडायला असते ना तशी, आणि आमच्या ॲनिमेटरने सहज म्हणून त्यात काही पडलं की 'डुबुक' आवाज येईल आणि चार थेंब उडतील असं करून ठेवलेलं. एका बालवाडीत टेस्टिंगला गेलो. साडेचार वर्षांच्या एका मुलीचं वांगं चुकून बादलीत पडलं, डुबुक. ती थांबली. दुसरं वांगं मुद्दाम टाकलं. मग टोमॅटो, मग बटाटा, मग अख्खा भोपळा, आणि भोपळ्यालाही तोच आवाज आला तर माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हा तर मोठ्ठा आहे ना?" वर टायमर संपला, गिऱ्हाईक रागावून निघून गेलं, तिने बघितलंसुद्धा नाही. पंधरा मिनिटं ती बादलीपाशीच होती. नंतर आम्ही टायमर काढला, स्टार काढले आणि सगळा जीव त्या बादलीत ओतला. कोथिंबीर तरंगते, बटाटा तळाशी जातो, भोपळा बादलीत मावतच नाही, तोंडाशी अडकून बसतो. मुलं सगळ्यात जास्त हसतात ती त्या भोपळ्याला.

म्हणजे या वयाचं मूल जिंकायला खेळत नाही हो, मी असं केलं तर काय होतं हे बघायला खेळतं. स्वीडनच्या टोका बोका कंपनीचा २०११ चा चहापार्टीचा गेम शोधून बघा, त्यात टेबल मांडायचं, केक ठेवायचे, सरबत ओतायचं, ते सांडतं, पुसायचं, शेवटी भांडी घासायची. पॉइंट्स नाहीत, हरणं नाही. आपल्या पोरांची भातुकली तरी वेगळी काय असते? स्क्रीनवर जिथे बोट लागेल तिथे काहीतरी घडलं पाहिजे, लगेच घडलं पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी मूल परत परत बोट मारतं आणि मग एकदम तीन गोष्टी होऊन सगळा गोंधळ होतो.

चुकीचं उत्तर दिल्यावर काय दाखवताय इकडे फार लक्ष द्या. चुकलं की माकड धपकन पडतं आणि बरोबर आलं की नुसतं 'शाब्बास' ऐकू येतं, असं असेल तर मुलं हटकून चुकणार, कारण माकड पडताना बघायचं असतं. गंमत बरोबर उत्तराला ठेवा, चुकीला फक्त वस्तू हळूच जागेवर परत जाऊ दे. आणि रडका चेहरा, लाल फुली, हे तर नकोच, काही मुलं त्यानंतर टॅब बाजूला ठेवून देतात ते परत हात लावत नाहीत.

आता हातांचं. एक मुलगा टॅब परत देत म्हणाला "बिघडलंय". टॅब ठीक होता. त्याने दोन्ही हातांनी धरलेला आणि डावा अंगठा स्क्रीनच्या कडेवर टेकलेला, गेमला वाटत होतं तिथेच टच चाललाय, म्हणून उजव्या हाताचं काही लागतच नव्हतं. तेव्हापासून आम्ही कडेला टेकलेलं बोट मोजत नाही. बटणं मोठी, एकमेकांपासून लांब. टॅप सगळ्यांना जमतं, ओढून नेताना बोट मध्येच उचललं जातं, तेव्हा वस्तू परत मूळ जागी पाठवू नका, जिथे सुटली तिथेच राहू दे, म्हणजे तिथून पुढे नेता येते. डबल टॅपचा विचारच सोडा.

सोपं म्हणजे मचूळ असं मात्र नाही, पाच वर्षांच्या मुलाला आव्हान हवंच असतं. २०१७ च्या मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये एक सोय आहे, ती चालू केली की गाडी रस्त्यावरून खाली पडत नाही, आणि दुसरी सोय चालू केली की आपोआप पुढे पळते. त्यामुळे लहान भावंडं मोठ्यांबरोबर त्याच शर्यतीत बसतात. मदत अशी द्यावी, की मुलाला आपण खेळाबाहेर आहोत असं वाटू नये.

त्यांना वाचता येत नाही, म्हणून सगळं आवाजात. पण "कृपया योग्य वस्तू निवडा" हे कुठली आई घरात बोलते? "टोमॅटो कुठंय बरं?" असं म्हणा, पोरं मोठ्याने उत्तर देतात, मी किती वेळा ऐकलंय. वाक्य छोटं, एका वेळी एकच सूचना, आणि बोलणं चालू असताना मुलाने टॅप केलं तर ते चाललं पाहिजे, गप्प बसून ऐकायला लावू नका.

आपल्याकडे बऱ्याच घरांत मूल खेळतं ते आजीच्या नाहीतर बाबांच्या फोनवर. स्टोरेज भरलेलं, स्क्रीनगार्ड तडकलेला, नेट बंद, आणि मध्येच फोन आला की मोबाईल हातातून जातो. म्हणून गेम साइझने छोटा, नेटशिवाय चालणारा, आणि परत उघडला की बादलीत भोपळा होता तिथेच असला पाहिजे.

जाहिरातींबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगते कारण यावर माझा जीव तुटतो. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यातला फरक कळत नाही, ते चमकणाऱ्या फुग्यावर बोट ठेवणारच. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांचं ट्रॅकिंग करायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, अमेरिकेत १३ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी १९९८ पासून कायदा आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते. पैसे आई-बाबांकडून घ्या, एकदाच, आणि ते बटण मुलाच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

कोडिंग सुरू करायच्या आधी एक करा, चित्रं कागदावर छापून कापा आणि तीन-चार मुलांसमोर जमिनीवर पसरा. काही शिकवू नका, "असं नाही, तसं" म्हणू नका, फक्त बघा कुठलं चित्र पहिलं उचलतात आणि कुठलं घरी नेऊ का म्हणून विचारतात. आमच्या पुढच्या गेममधली बैलगाडी अशीच आली, मूळ यादीत ती नव्हतीच.