डांबरीकरणाआधी ड्रेनेजचं मॅनहोल चांगलं आहे की नाही, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात तुमच्या गल्लीत डांबरीकरण होणार आहे, ड्रेनेजची झाकणं धडधाकट दिसतात, मग खालच्या मॅनहोलची तपासणी करायची गरज आहे का आणि ती कशी करायची.

गरज आहे. झाकण ठणठणीत आणि त्याच्या खालचा हातभर भाग सडलेला, हे मी ड्रेनेजच्या सर्वेक्षणाच्या कामात पुष्कळदा बघितलंय. तपासणी डांबर पडायच्या आतच व्हायला हवी, नंतर सगळं झाकलं जातं.

आधी एक गोष्ट. आत कुणी उतरायचं नाही. तुम्ही नाही, ओळखीचा प्लंबर नाही आणि पैसे देऊन आणलेला माणूस तर अजिबात नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून गॅस नाही, या समजुतीने माणसं मेली आहेत. झाकणसुद्धा स्वतः उघडू नका, महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून माणसं बोलवा. अवस्था ठरवायला लागणारं जवळजवळ सगळं वरूनच दिसतं.

झाकण उघडायच्या आधी रस्ता बघा. झाकणाभोवती गोल चीर पडली असेल किंवा परातीएवढा भाग दबला असेल, तर मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. भिंतीच्या सांध्यातून आजूबाजूची माती आत वाहून गेली आहे आणि रस्त्याखाली पोकळी झाली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यावर रोलर फिरवून डांबर टाकलं तर काही दिवस छान दिसेल, मग एखाद्या दुचाकीचं चाक आत जाईल. गाडी गेल्यावर झाकण खडखडत असेल तर फ्रेमची बैठक सुटलेली आहे. काँक्रीटच्या झाकणावर क्षमता कोरलेली असते: एलडी (हलक्या वाहतुकीचं) अडीच टन, एमडी (मध्यम) 10, एचडी (जड) 20, ईएचडी (अतिजड) 35. गल्लीत वाळूचे डंपर येत असतील तर एमडीवर समाधान मानू नका.

झाकण उघडल्यावर फ्रेमच्या खालचा गळा बघा. प्रत्येक डांबरीकरणात रस्ता चढतो, मग दोन-चार विटा कशाबशा रचून फ्रेम वर घेतात. गळती आणि पडझड बहुतेक तिथूनच सुरू होते. उजेडासाठी जुनी युक्ती आरशाची: उन्हात लांब उभं राहून आरशाने कवडसा आत सोडायचा. काठीला कॅमेरा बांधून आत सोडला तर आणखी उत्तम. गिलावा फुगलाय का, सिमेंट पांढरट आणि पिठूळ झालंय का, ते बघा. हायड्रोजन सल्फाइडपासून ओलसर भिंतीवरचे जिवाणू सल्फ्युरिक आम्ल तयार करतात आणि ते सिमेंट खातं. पंपाने ढकललेलं मैलापाणी जिथे येऊन पडतं किंवा मैला उंचावरून कोसळतो, तिथल्या मॅनहोलला हा त्रास जास्त.

मग तळ. विटांचे तुकडे पडलेले दिसले तर भिंत ढासळतेय. आतल्या भिंतीतल्या पायऱ्यांवर चिंध्या आणि कागद अडकलेले असतील तर तिथपर्यंत पाणी चढून गेलंय, म्हणजे पुढची लाइन तुंबते.

ताकद आणि स्वच्छता यांना वेगवेगळे गुण द्या. अमेरिकेतल्या नॅस्को या ड्रेनेज कंपन्यांच्या संघटनेची पद्धत 1 ते 5 असे गुण दोन्हींसाठी स्वतंत्र देते आणि मला ते फार पटतं. गाळाने भरलेलं मॅनहोल भक्कम असू शकतं, आणि नुकतंच जेटिंग मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, धुतलेलं पडायला आलेलं असू शकतं. आपल्याकडे गाळ काढला की तक्रार मिटली असं धरतात आणि भिंत तशीच राहते.

पाण्याची गळती उन्हाळ्यात दिसत नाही. ती बघायची पावसाळ्यात, पहाटे, घराघरांतलं पाणी बंद असताना. त्या वेळी तळातून स्वच्छ पाणी वाहत असेल तर ते जमिनीतून शिरतंय. आपल्याकडे पुराचाही विचार हवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीपुढे चढलं की जयंती नाल्यासारख्या नाल्यांत फुगवटा येतो आणि सखल भागातल्या मॅनहोलमधून पाणी उलटं येतं. पूर ओसरताना भिंतीमागची माती पाण्याबरोबर आत ओढली जाते. तुमची गल्ली 2019 किंवा 2021 च्या पुरात बुडाली असेल तर रस्त्यावरच्या त्या गोल चिरा दुप्पट गंभीरपणे घ्या.

आता करायचं एवढंच: प्रत्येक मॅनहोलला क्रमांक द्या, रस्त्याचा, गळ्याचा आणि तळाचा असे तीन फोटो काढा आणि विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रस्त्याच्या अंदाजपत्रकात चेंबर (म्हणजे मॅनहोल) रस्त्याच्या नव्या पातळीला उचलणं आणि गळा नव्याने बांधणं धरलंय का, हे त्याच अर्जात विचारा. धरलं नसेल तर डांबराची गाडी यायच्या आधी नगरसेवकांना गाठा.