वाचकांचे प्रश्न : जुन्या चांदीवरचे छाप

प्रश्न : जुन्या चमच्याच्या दांड्यामागे पाच बारीक ठसे आहेत : चालता सिंह, जहाजाचा नांगर, एक अक्षर, डावीकडे तोंड केलेलं बाईचं डोकं आणि दोन आद्याक्षरं. चमचा कुठला, किती जुना?

उत्तर : इंग्लंडचा. सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के. नांगर हा बर्मिंगहॅमच्या कस तपासणाऱ्या कार्यालयाचा शिक्का. ते १७७३ साली सुरू झालं. डोकं राणी व्हिक्टोरियाचं. चांदीवरचा कर भरल्याची ही खूण १७८४ ते १८९० या काळात मारली जाई आणि राणी गादीवर आली १८३७ साली. म्हणजे अक्षर न वाचताही चमचा पन्नासेक वर्षांच्या टप्प्यात आला.

नेमकं साल अक्षरावरून कळतं आणि बहुतेक जण फसतात तेही इथेच. बर्मिंगहॅमची अक्षरमाला साधारण पंचवीस वर्षांनी पुन्हा सुरू होई, त्यामुळे तेच अक्षर अनेकदा येतं. फरक अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या चौकटीत असतो. चौकटीचे कोपरे कापलेले की गोल, तळ सपाट की टोकदार, हे दहापट भिंगातून पाहा आणि बर्मिंगहॅमच्याच तक्त्याशी ताडा; लंडनच्या तक्त्यात त्याच अक्षराचं साल वेगळं निघेल. अक्षर वर्षाच्या मधेच बदलत असल्याने उत्तर जोडसालात येतं. आद्याक्षरं कारागिराची किंवा पेढीची.

ठसा पुसट असला तरी पॉलिश घासू नका, उरलीसुरली कडही जाईल. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मग एका बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढा.

प्रश्न : सुरीच्या मुठीवर चार चौकटींत ‘ई, पी, एन, एस’ आहे. हाही चांदीचा छाप का?

उत्तर : नाही, हा मुलामा आहे. ही ‘इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर’ची आद्याक्षरं, म्हणजे वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. आतला धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचा. नावात ‘सिल्व्हर’ असलं तरी त्यात चांदी नाही. अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत घातली की लांबून अस्सल छापासारखी दिसतात, हे कारखानदारांना चांगलं ठाऊक होतं! विजेच्या मुलाम्याचं एल्किंग्टन यांचं पेटंट १८४० चं, त्याआधीची ही वस्तू असूच शकत नाही. पात्यावर ‘स्टेनलेस’ कोरलेलं असेल तर पातं १९१३ नंतरचं. मूठ जुनी आणि पातं बदललेलं, असंही असतं. अशा मुठी बहुधा पोकळ असून आत राळ भरलेली असते. उकळत्या पाण्यात टाकल्या की राळ सैल होते आणि पातं निसटतं.

प्रश्न : काट्यांवर चंद्रकोर, मुकुट आणि ८०० आहे.

उत्तर : जर्मनी, १८८८ नंतर. चांदी ८० टक्के.

प्रश्न : चहाच्या किटलीवरचे छाप अठराव्या शतकातले, पण घडण नंतरची वाटते.

उत्तर : शंका रास्त आहे. लहान मोडक्या वस्तूवरचा छाप कापून मोठ्या भांड्यात डाग देऊन बसवायची लबाडी जुनी आहे. छापावर तोंडाची वाफ सोडा. भोवती गोल किंवा चौकोनी रेघ उमटली तर तुकडा बाहेरून आणलेला. मग झाकण काढून पाहा. सुट्या भागांवरही निदान सिंह असायला हवा आणि त्यावर अक्षर असेल तर ते किटलीवरच्या अक्षराशी जुळलं पाहिजे. तोटी किंवा पाय नंतर जोडले असतील, तर सांध्याजवळच्या चांदीचा रंग बहुधा वेगळा दिसतो.