चार दिवस खात नाही, कल्ले पुढे वळलेत: औषधाआधी पाणी तपासा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या अ‍ॅक्सोलॉटलने (बाहेर कल्ले असलेला, पाण्यातच राहणारा उभयचर) चार दिवसांपासून गांडुळाला तोंड लावलेलं नाही, कल्ल्यांचे तुरे पुढे वळलेत, शेपटीच्या टोकाला आकडा आलाय आणि दुकानदाराने बुरशीचं औषध दिलंय. ती बाटली आज उघडू नका. अ‍ॅक्सोलॉटलची त्वचा पाण्यातलं बरंच काही शोषून घेते, म्हणून माशांना चालणारी तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग असलेली औषधं त्याला बाधतात. बुरशी असती तर कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले असते. तुमच्या फोटोत ते नाहीत.

पुण्यातला एप्रिल चालू आहे, म्हणून मला पहिला संशय उन्हाळ्याचा. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंचावरचा. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. पाणी २४ च्या वर राहिलं की भूक मंदावते. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणजे तिन्ही बाजूंनी मार. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा पंखा लावा, गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या आळीपाळीने सोडा, पण तापमान हळूहळू उतरवा. एकदम गार केलं तर त्याचाही धक्का बसतो. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, निभावणं कठीण, हे मी स्पष्टच सांगते.

तुरे पुढे वळणं आणि शेपटीचा आकडा ही ताणाची खूण. फिल्टरचा झोत जोरात असेल तर तो काचेकडे वळवा. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट शून्यच हवेत. तसे नसतील तर त्याला स्वच्छ टबात ठेवा आणि टबातलं पाणी रोज पूर्ण बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असावं.

सगळेच बदल आजाराचे नसतात. वयात येताना बोटांची टोकं काळपट होतात. नराच्या मागच्या पायांच्या मागे फुगवटा येतो. माझ्याकडच्याला तो आला तेव्हा मी गाठ समजून रात्रभर जागले होते. कल्ले खाताना लालभडक आणि झोपेत फिके दिसणं, मधूनच वर येऊन हवेचा घोट घेणं, हेही नेहमीचंच. पण पोट फुगून तो तरंगत राहिला, खाली जाऊच शकला नाही, तर तळाशी खडे आहेत का ते बघा. ते गिळले की आतडं तुंबतं. तेव्हा उभयचर हाताळणारा पशुवैद्यच गाठावा लागतो. अंगावर लाल चट्टे उठले तरी थांबू नका.

दर रविवारी वरून एक फोटो काढत जा. पोट साधारण डोक्याइतकं रुंद असावं; फोटो शेजारी ठेवले की रोड होणं लगेच कळतं.

आज पहाटे आणि दुपारी तीनला तापमान मोजा. ते दोन आकडे, अमोनिया आणि नायट्राइट इथे लिहा, मग पुढचं ठरवू.