मुळांचे साकव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेघालयातला जिवंत झाडांच्या मुळांचा दुमजली पूल पाहायचा आहे. सोबत आई आहे, वय ६४, गुडघे दुखतात. जमेल का? (वाचिका, नाशिक)

उत्तर : आईंना तिथे नेऊ नका. हा पूल नोंग्रियाट गावात आहे. सोहऱ्याहून, म्हणजे आपल्या चेरापुंजीहून, गाडी तिर्ना गावापर्यंत जाते. पुढे सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, अरुंद आणि कमीजास्त उंचीच्या. धडधाकट माणसाला जायला दीड तास, परत चढायला दोन ते अडीच तास. दुखऱ्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतरतानाच होते, आणि खाली पोचल्यावर वर यायला गाडीरस्ता नाही. आईंसाठी मावलिन्नाँगजवळचा रिवाईचा पूल उत्तम. पंधरा-वीस मिनिटांच्या पायऱ्या, आणि पूल त्याच जातीचा.

तुम्ही एकट्या नोंग्रियाटला जाणार असाल तर सकाळी सातलाच उतरायला लागा. हिवाळ्यात तिकडे पाचच्या आत अंधारतं, हे आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. काठी, पाणी आणि रोख पैसे जवळ ठेवा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. दम लागला तर वाटेत नोंगथिम्मईजवळचा रितिम्मेन पूल पाहून परत फिरा. सुमारे ३० मीटर लांबीचा तो पूलही तितकाच देखणा आहे. जून ते सप्टेंबर हा बेत आखूच नका.

प्रश्न : आमच्या ओढ्यावरचा साकव दर दोन-तीन पावसाळ्यांनी कुजतो किंवा वाहून जातो. काठावर जुना वड आहे. पारंब्या वळवून तसा पूल करता येईल का? (वाचक, संगमेश्वर)

उत्तर : तुमची अडचण तीच मेघालयातल्या खासी लोकांची. त्या पावसात बांबूचा पूल काही वर्षांतच कुजतो, म्हणून त्यांनी न कुजणारा, उलट दरवर्षी जाड होणारा पूल शोधला. झाड रबराचं, फायकस इलास्टिका. आपण कुंडीत लावतो तेच, वडाच्याच कुळातलं.

पद्धत अशी. काठावर, शक्यतो दोन्ही काठांवर, झाड लावायचं. ते मोठं होऊन मुळं सोडू लागेपर्यंत वाट पाहायची. मग ओढ्यावर बांबूची परांची बांधायची आणि करंगळीएवढी कोवळी मुळं तिच्यावरून ओढून न्यायची. काही ठिकाणी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गर काढून पन्हळ करतात आणि मूळ त्यातून नेतात. त्यामुळे ते इकडेतिकडे न फुटता सरळ समोरच्या काठाला जातं आणि तिथल्या मातीत रुजतं. रुजलं की ते जाड होऊ लागतं. बांबू मधल्या काळात कुजतो, तो बदलत राहावा लागतो. जिथे दोन मुळं एकमेकांवर घट्ट आवळली जातात तिथे साल घासून जाते आणि ती एकजीव होतात. सांध्यावर जखम भरून आल्यासारखा वण दिसतो. पुलाची ताकद याच सांध्यांत असते. खालच्या फटींत दगड-माती भरतात, कठड्यासाठी वेगळी मुळं वर बांधून घेतात. निर्धास्त चालण्याजोगा पूल व्हायला १५ ते ३० वर्षं लागतात. लावते एक पिढी, वापरते दुसरी.

वडाच्या पारंब्याही अशाच जुळतात, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. अडचण हवेची आहे. तिथे दऱ्यांत दमटपणा बराच काळ टिकतो. आपल्याकडे पावसाळा सरला की पारंबीचं कोवळं टोक सुकतं आणि वाढ थांबते. म्हणून पारंबी पन्हळीत ओली माती आणि पालापाचोळा भरून त्यातून न्या, आणि मे महिन्यापर्यंत ती ओल सुकू देऊ नका. ओढून ताणू नका. ताणलेली पारंबी शेंड्याजवळ तुटते. घर, विहीर किंवा जांभ्याचा गडगा जवळ असेल तर हा उद्योग करू नका, मुळं चिऱ्यांत शिरून भिंत फोडतात. आणि साकव घालणं थांबवू नका. पारंबीचा पूल तुमच्या नातवंडांसाठी.

प्रश्न : अशा पुलावर एका वेळी किती माणसं चालतात? (वाचक, पुणे)

उत्तर : पक्के पूल ५० माणसं पेलतात असं सांगतात, पण हा आकडा प्रत्येक पुलाला लावू नका, गावाने लावलेली पाटी पाहा आणि तेवढेच जा. पूल मोडण्याआधी झाड आजारी पडतं, ही खरी भीती आहे. सततच्या पावलांनी बुंध्याजवळची माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. फोटोसाठी पुलावर उड्या मारल्या की नवे सांधे सुटतात. चाकूने नाव कोरलं की पांढरा चीक वाहतो आणि त्या जखमेतून कूज आत शिरते. पायवाट सोडून मुळांवर चढू नका, कठड्याच्या बारीक मुळांना लोंबकळू नका. ओल्या मुळावर शेवाळ असतं. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट घाला.